भिंतीपलीकडची बासरी

मुलांनो, वह्या तपासता तपासता कधी कधी बाईच नापास होतात, बरं का! माझं तसंच झालं. त्याची ही गोष्ट.

घाटकोपरला आम्ही चाळीत राहतो. एक खोली, आत स्वयंपाकघर आणि समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. मधली भिंत इतकी पातळ, की शेजारी फोडणी पडली तर आमच्याकडे चर्रकन् ऐकू येतं. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास जरा उसंत मिळते.

एका सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला गेले आणि तिथून एक उभी बासरी घेऊन आले. तोंडाशी शिट्टीसारखी खाच असते ना, तसली. आपल्याकडे हिला अलगूज म्हणतात. माझी होती पत्र्याची, जेमतेम फूटभर. वर्गात कविता चालीवर म्हणताना उपयोग होईल, असं मनात होतं. मग काय, रोज दहा ते साडेदहा माझा रियाज सुरू! कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आवडतंय सगळ्यांना.

पुढे तिसरीच्या वर्गाला 'माझे शेजारी' हा निबंध दिला. शेजारची मुलगी माझ्याच वर्गात. तिने लिहिलं होतं, "आमच्या शेजारी आमच्या बाई राहतात. त्या रोज पिपाणी वाजवतात. बाबा रात्रपाळी करून झोपतात, ते उठून बसतात. आई म्हणते, बाईंना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल."

लाल पेन हातात तसंच राहिलं. निबंधात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. चूक होती ती माझी!

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. वहिनी एकदम ओशाळल्या. मुलीला रागवू नका, असं मी आधीच सांगून टाकलं. भाऊ हसले आणि म्हणाले, "अहो बाई, बासरीचं काही नाही. गावाला आमचे आजोबा पावा वाजवायचे, तो ऐकत तर आम्हाला झोप लागायची. पण तुमचा तो वरचा सूर सुईसारखा टोचतो हो! दचकून जाग येते, मग पुन्हा डोळा लागत नाही. रात्री मशीनसमोर उभं राहायचं असतं."

मशीनसमोर डुलकी लागली तर काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही. मला न सांगताच कळलं. घरी आल्यावर अलगूज कपाटात ठेवून दिलं.

पण शिकायची हौस जाईना. आजोबांच्या पाव्याने झोप लागायची आणि माझ्या अलगुजाने मोडायची, असं का? रविवारी दादरला वाद्यांच्या दुकानात गेले आणि तिथल्या आजोबांना विचारलं. त्यांनी लहानमोठ्या बासऱ्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या.

गंमत अशी आहे, की नळी जितकी आखूड तितका सूर उंच. फूटभराच्या शिट्टीचा सगळ्यात खालचा सूरसुद्धा सेकंदाला सुमारे ५९० कंपनांचा असतो. तीस इंची बासरीचा खालचा सूर साधारण २५० कंपनांचा. शिवाय शिट्टीवर वरच्या सप्तकात जायचं तर जोरात फुंकावं लागतं. उंच आणि मोठा, असा दोन्ही बाजूंनी मार! आपला कान दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास सगळ्यात तिखट असतो, म्हणून कर्कश सूर जास्त टोचतात. शिट्टीच्या खाचेत वाऱ्याची वाट ठरलेली असते. हळू फुंकलं तर सूर उतरतो, जोरात फुंकलं तर चढतो. आडव्या बासरीत ती वाट आपले ओठच तयार करतात, त्यामुळे सरावाने अगदी हळुवारही वाजवता येतं.

लांब बासरीवरून पन्नालाल घोष यांची आठवण झाली. १९११ साली बारिसालला जन्मलेले हे थोर कलावंत १९४० मध्ये मुंबईत आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत' या १९४२च्या चित्रपटाचं संगीत त्यांचं. रागदारीचे गंभीर, खोल सूर निघावेत म्हणून त्यांनी सुमारे ३२ इंच लांबीची बांबूची बासरी वापरात आणली. लहान बासरीला तेवढी खोली साधत नाही.

मग काय, मीही ऐटीत तीस इंची बासरी उचलली. पण बोटं भोकांपर्यंत पोचतील तर ना! फूऽफू केलं, नुसता वारा निघाला. आजोबा म्हणाले, "बाई, हात बघून बासरी घ्यावी." शेवटी पांढरी पाचची घेतली, दोन फुटांहून थोडी लांब. तुमच्यासारख्या लहान हातांना दीड फुटाची, पांढरी एकची, बरी पडेल. दुकानातच सगळी भोकं झाकून बघा. बोटं ताणावी लागली तर ती बासरी तुमची नव्हे.

कुणाकडे आधीच पत्र्याची शिट्टी असेल, तर खाचेच्या खिडकीचा थोडासा भाग चिकटपट्टीने झाकून पाहा. आवाज दबतो. पण पट्टी जास्त झाली तर सूर बिघडतो, म्हणून जरा जरा सरकवत जा. सामाईक भिंतीपासून लांब बसा. बोटांचा सराव तर न फुंकताही होतो! तो मी आता सकाळी दहाला करते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं दुकानात मिळत नाही. ते शेजारी जाऊन विचारावं लागतं, "मी कधी वाजवू?" बासरी कितीही मऊ असो, झोपलेल्या माणसाला ती मोठीच. हे मी आधी विचारलं असतं, तर एका आठ वर्षांच्या मुलीला गुपित सांभाळावं लागलं नसतं.

आता संध्याकाळी सात ते साडेसात ही माझी वेळ, भाऊंनीच ठरवून दिलेली. तेव्हा ते चहा घेत असतात. परवा डबा घेऊन निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "आज तो खालचा पंचम जमला बरं का, बाई."

त्या निबंधाला मी किती मार्क दिले, सांगू? दहापैकी दहा. आणि खाली लिहिलं, 'बाईंना सांगितलंस, छान केलंस.'