ब्रायटनचे गोटे

ब्रायटनच्या किनाऱ्यावर वाळू नाही. ओहोटीला खाली एक पट्टा दिसतो तेवढाच, बाकी सगळे गोटे. गुळगुळीत, तपकिरी-करडे. चौपाटीच्या सवयीने गेलेल्या मराठी माणसाचा हिरमोडच होतो. आम्ही मात्र चार वर्षांत अकरा वेळा लंडनहून तिथे गेलो आहोत, आणि तेही गोट्यांसाठीच.

आमचा लेक नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. शाळेत शिकवत होते तेव्हा मी चौथीच्या मुलांकडून पाच ज्ञानेंद्रियं घोकून घेत असे. त्यापलीकडेही संवेदना असतात हे मला लेकामुळे कळलं. एक तोलाची, एक आपले हातपाय कुठे आहेत ते न बघता सांगणारी. ही दुसरी खबर त्याला अर्धवट पोचते. सपाट फरशीवरही तो अडखळतो, जिना उतरताना पाऊल चाचपतो. उलट स्पर्श आणि आवाज दहापट मोठे होऊन येतात.

दोन वर्षांपूर्वी गुहागरला त्याच्या आजीकडे गेलो होतो. एवढा लांबलचक, मऊ वाळूचा किनारा! ओली वाळू बोटांत शिरली आणि तो असा किंचाळला की आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. मी उचलून घरी आणला. "आमचा समुद्र नाही आवडला त्याला," सासूबाई एवढंच म्हणाल्या. एका नातेवाइकांनी मात्र 'लाडावून ठेवलंय' असं निदान करून टाकलं. तेव्हा मी गप्प बसले, ते अजून डाचतं.

यंदा जूनमध्ये सासूबाई इकडे आल्या, तेव्हा त्यांना ब्रायटनला नेलं. व्हिक्टोरियाहून ट्रेनने तासाभराची वाट. मध्ये गॅटविक लागतं. वरवर न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी गळ्यात घालायची सूर्यफुलांची हिरवी पट्टी २०१६ मध्ये याच विमानतळावर सुरू झाली. ती लेकाच्या गळ्यात होती, आणि कानांवर आवाज अडवणारे हेडफोन.

पॅलेस पिअरवर आम्ही जात नाही. तिथे खेळांच्या यंत्रांचा कलकलाट, शिवाय फळ्यांच्या फटींतून खाली हलणारं पाणी दिसतं. लेकाचे पाय तिथेच थिजतात. त्याला आवडते ती किनाऱ्यालगतची व्होल्कची छोटी विजेची गाडी. १८८३ पासूनची, आजही चालणाऱ्या विजेच्या रेल्वेंत जगातली सर्वांत जुनी. एवढ्या कौतुकाची गाडी एक मैलभरच धावते, तीही रमतगमत.

मग गोटे. लेक उताणा पडतो आणि पायांवर गोटे रचायला सांगतो. वजन पडलं की पाय कुठे आहेत ते त्याला नीट कळतं, असं त्याच्या थेरपिस्टचं म्हणणं. घरच्या जड गोधडीने अर्धवट होणारं काम इथे पुरं होतं. अर्ध्या तासाने उठतो तेव्हा चेहरा निवळलेला असतो.

त्या दिवशी सासूबाई दहा पावलांवरच अडकल्या. "अगं, पायाखालचं सरकतंय, पाऊल टाकू कुठे?" खरं तर त्या गोट्यांवर सगळेच डुलत चालतात, चांगले धट्टेकट्टे तरुणसुद्धा. लेक उठून त्यांच्याजवळ गेला. हलका हात त्याला मुळीच सहन होत नाही, पण घाबरलेल्या आजीने खांदा गच्च आवळला आणि तो त्याला चालला. दोघं तशीच पाण्यापर्यंत गेली.

परत येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याला रोज असंच होतं का गं? घरातसुद्धा?"

"बहुतेक, आई."

त्या काही बोलल्या नाहीत. त्याच्या पायांवर एकेक गोटा ठेवत राहिल्या, मोठे निवडून. निघताना एक पिशवीत टाकू लागल्या, तेव्हा इथले गोटे न्यायला बंदी आहे म्हणून मी सांगितलं. जरा नाराजीनेच त्यांनी तो खाली ठेवला.

परवा गुहागरहून फोन आला. मागच्या अंगणात वहाळातले गोटे आणून टाकलेत म्हणाल्या, दोन टोपल्या. "डिसेंबरात या. समुद्रावर नका जाऊ हवं तर."

तिकिटं अजून काढलेली नाहीत. गोटे केवढे आहेत ते दाखवा म्हणून लेक रोज फोन मागतो आहे.