कुठे अडलात ते सांगा

रत्नागिरीत कवितेला मिळणारी सगळ्यात मोठी दाद म्हणजे 'बरी आहे'. त्यापुढे आमची जीभ रेटत नाही. पोरगं बोर्डात आलं तरी 'मार्क बरे आहेत' आणि पहिल्या पेटीतला हापूस कापून खाल्ल्यावरही 'यंदा फळ बरं आहे'. अशा गावात ज्याला कविता करण्याचा नाद लागतो, त्याने वाहवाची आशा आधीच सोडलेली बरी. मी काही ती सोडली नाही. खरं सांगायचं तर कविता लिहिण्यात माझा जितका वेळ गेला, त्याहून जास्त ती वाचून कोण काय म्हणतो याची वाट बघण्यात गेला. त्यामुळे माझ्या कवितांचा नाही, पण मला मिळालेल्या अभिप्रायांचा इतिहास मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

पहिला अभिप्राय पेन्सिलीतला होता. शाळेच्या हस्तलिखितासाठी आम्ही पोरांनी कविता दिल्या. त्या वयात द्यायच्या तशाच, म्हणजे पावसाच्या. सरांनी माझ्या वहीतल्या 'रिमझिम' या शब्दाभोवती बारीक गोल केला आणि समासात लिहिलं, 'आपल्याकडे पाऊस असा पडतो का?' बस्स. चांगली म्हटलं नाही की वाईट. जूनच्या दुपारी कौलांवर ताशा वाजत असताना मी तो समास वाचत होतो. त्या एका प्रश्नाने मला जेवढं शिकवलं, तेवढं पुढे एकाही व्याख्यानाने शिकवलं नाही. अभिप्राय देणाऱ्याने शब्दावर बोट ठेवावं लागतं, हे तेव्हा कळलं.

कॉलेजात भित्तिपत्रक होतं. कवितेचे कागद काचेच्या पेटीत कुलूपबंद असायचे, म्हणून वाचणारे आपलं मत शेजारच्या भिंतीवर लिहायचे. 'यमक जुळलं, कवीचं कधी जुळणार?' असली शेरेबाजी. वर्षाअखेरीला चुना लागायचा आणि मराठी समीक्षेचा तो दस्तऐवज नाहीसा व्हायचा.

नगर वाचनालयाची गोष्ट वेगळी. रत्नागिरीचं हे वाचनालय 1828 सालचं. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती म्हातारे आणि आतल्या कपाटांपाशी आम्ही. जुने अंक, चरित्रं, आठवणी वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की ज्यांना आपण थोर कवी म्हणतो, तेही आधी कुणाच्या तरी अभिप्रायाच्या आशेवरच जगत होते. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याच्या पुढे गेलं की मालगुंड. कृष्णाजी केशव दामले तिथले, म्हणजे आपले केशवसुत. हा शाळामास्तर खानदेशापासून धारवाडपर्यंत नोकरीसाठी फिरला आणि 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगने गेला. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. त्यांच्या कविता पुस्तकात बांधल्या त्या हरिभाऊ आपट्यांनी, पुढे काही वर्षांनी. म्हणजे आधुनिक मराठी कवितेच्या जनकाला जे वाचक मिळाले ते मासिकांतून, सुटे सुटे. त्यातलं एक मासिक जळगावचं 'काव्यरत्नावली'. नारायण नरसिंह फडणीस ते चालवायचे आणि त्यात फक्त कविताच छापायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर कवितेला वाहिलेला स्वतंत्र गट, फक्त टपालावर चालणारा.

त्याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मिसरूड फुटलेला मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. एका अभिप्रायाने माणसाचं नावच बदललं. एवढं थेट फळ नंतर कुणाच्या अभिप्रायाला आल्याचं मला तरी आठवत नाही.

मला मात्र खरी भुरळ पडली ती पुण्याच्या रविकिरण मंडळाची. 1923 च्या सुमाराची ही मंडळी. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे हे नवराबायको, शिवाय घाटे, दिवाकर, माडखोलकर. जमायचं, चहा घ्यायचा, कविता वाचायच्या, एकमेकांना बोलायचं. यातले माडखोलकर पुढे कादंबरीकार आणि टीकाकार झाले आणि दिवाकरांची ओळख नाट्यछटांमुळे. म्हणजे कवितेच्या बैठकीतला प्रत्येक जण कवी म्हणून टिकतोच असं नाही, आणि तसं नसलं तरी काही बिघडत नाही. मंडळाच्या बाहेर बसून त्यांना सगळ्यात बारकाईने वाचलं ते अत्र्यांनी. 'झेंडूची फुले' आली 1925 साली. विडंबन ही मला अभिप्रायाची सर्वांत कष्टाची जात वाटते. कवीची लकब, त्याचा आवडता शब्द, त्याचं ओढून आणलेलं यमक हे सगळं पाठ असल्याशिवाय ते जमत नाही. ज्याचं विडंबन झालं, त्याला निदान एक वाचक तरी पक्का मिळाला असं समजावं.

आमच्या वेळी टपाल हाच मार्ग होता. कविता फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात लिहायची, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं आणि मुंबईला धाडायचं. म्हणजे परत येण्याचा खर्चही कवीनेच करायचा. त्या काळात 'सत्यकथे'चा दबदबा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहून एकेका वाक्याबद्दल बोलायचे, अशी ख्याती आम्ही ऐकून होतो. त्याच 'सत्यकथे'ची 1969 साली चिडलेल्या तरुण लेखकांनी होळीही केली. मी मात्र दुसऱ्याच एका मासिकाकडे कविता पाठवायचो आणि माझ्याच अक्षरातला पत्ता असलेलं पाकीट पोस्टमन नेमाने आणून द्यायचा. आत 'साभार परत'ची छापील चिठ्ठी. एकदा मात्र त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात निळ्या शाईने कुणी तरी लिहिलं होतं, 'शेवटचं कडवं नको.' सही नव्हती. मी ते कडवं काढून कविता पुन्हा वाचली आणि त्या निनावी माणसापुढे मनातल्या मनात हात जोडले. आजही हौशी कवीची कविता हातात आली की मी आधी शेवटचं कडवं झाकतो. दहातल्या आठ वेळा कविता तिथे आधीच संपलेली असते आणि कवी तरीही वाचकाला बोध करत दारात उभा असतो.

1977 साली रत्नागिरीला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि गावोगावच्या कवींना आवाज मिळाला. मग 1990 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं, अध्यक्ष मधु मंगेश कर्णिक. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली आणि पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही झालं. आडगावातल्या मास्तरांच्या, पोस्टमनच्या कविता त्यामुळे लोकांपुढे आल्या, हे मान्य करायलाच हवं. पण कविसंमेलन या प्रकाराबद्दल माझी जुनी तक्रार आहे. साहित्य संमेलनात 'कविकट्टा' नावाचा मांडव असतो, तो एकदा बघा. समोर बसलेले सगळे श्रोते म्हणजे आपल्या पाळीची वाट पाहणारे कवीच. मांडीवर वही, डोळे कागदावर, ओठ हलतायत. जो वाचतोय त्याचं कुणी ऐकत नाही, टाळी मात्र वेळेवर वाजते, कारण ती वाजली की पुढच्याचा नंबर. वाचून झालं की कवी घरी.

म्हणून इंटरनेट आलं तेव्हा मला वाटलं की आता बरे दिवस येतील, कारण इथे निदान लिहून उत्तर द्यावं लागेल. अमेरिकेतल्या भाच्याने 'मायबोली' दाखवलं. 1996 पासून चाललेलं ते. कुणी डॅलसहून, कुणी डोंबिवलीहून, टोपणनावाआडून एकमेकांच्या कवितांची चिरफाड करत होते. मात्रा मोजून दाखवत होते, गझलेचा काफिया चुकला की तिथल्या तिथे पकडत होते. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' इथे अनेकांना तोंडपाठ होती. आणि विडंबनं? सकाळी गंभीर कविता आली की संध्याकाळपर्यंत तिचं विडंबन हजर. अत्र्यांना मजा आली असती. भांडणंही व्हायची, पण ती निदान एखाद्या ओळीवरून व्हायची.

मग कविता फोनवर आली. आमचा व्हॉट्सॲपचा गट लांज्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी काढला. त्यात राजापूरकडची एक परिचारिका आहे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. बोटीवर नोकरी करणारा एक जण आहे, तो बंदराला लागला की साठवलेल्या कविता एकदम सोडतो. एक बागायतदार मार्च ते मे पूर्ण गायब. आंबा उतरला की पहिल्या पावसाबरोबर त्याची कविता सुरू. राजिवड्याची एक भाभी आहे, तिचे यजमान आखातात. एका छताखाली ही माणसं कधी बसली नसती. रविकिरण मंडळाला ही व्याप्ती नव्हती, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

पण या गटांची एक रीत पडून गेली आहे. सकाळी 'आजचा विषय' येतो. आज 'उंबरठा', उद्या 'सांजवेळ'. प्रकार ठरलेला, कधी अष्टाक्षरी, कधी चारोळी, कधी हायकू. दुपारपर्यंत पंचवीस उंबरठे येऊन पडतात. प्रत्येकाखाली टाळ्यांचे हात, गुलाबाची फुलं, 'अप्रतिम', 'निःशब्द'. निःशब्द असं लिहून कळवावं लागतं ही गंमतच. रात्री सन्मानपत्रं निघतात, उत्कृष्ट, सर्वोत्कृष्ट, लक्षवेधी. कुणी हिरमुसू नये इतके प्रकार. ज्याने माझ्या कवितेला फूल दिलं त्याच्या कवितेला मी द्यायचं, असा लग्नातल्या आहेरासारखा हिशेब सगळ्यांच्या मनात चोख असतो. आणि खरं मत असेल तर ते 'पर्सनलवर'. स्तुती चारचौघांत, चूक कानात. यात सभ्यता आहे हे खरं, पण बाकीच्या चोवीस जणांना ती चूक कधी कळतच नाही.

कंडक्टरकाकांनी शेवटच्या एसटीवर एक कविता लिहिली होती. गटावर तिला नेहमीची फुलं पडली. महिन्याभराने तीच कविता दुसऱ्या गटावरून फिरत परत आली, खाली नाव कुसुमाग्रजांचं. या वेळी मात्र लोक ओळीओळीवर बोलले, 'घंटीची दोरी' या प्रतिमेवर कुणी परिच्छेद लिहिला. आम्ही चोरीबद्दल चिडलो. काका खूश. म्हणाले, "माझं नाव होतं तेव्हा कोणी वाचली नाय. आता वाचली ना?"

तरीही मी गट सोडलेला नाही, त्याला कारण आहे. एकदा पुण्याच्या एका सभासदाने शेतीवर कविता टाकली. त्यात आधी लावणी, मग चिखलणी. फुलं पडू लागली, तेवढ्यात बागायतदाराने लिहिलं, 'आधी चिखल करा, मग रोपं लावा.' मोठा गदारोळ झाला. कवीला स्वातंत्र्य असतं, सूचना खासगीत द्यायला हवी होती, वगैरे. दोघांनी गट सोडला. पण त्या दिवशी जेवढ्या जणांनी ती कविता खरोखर वाचली, तेवढ्यांनी एरवी कुठलीच वाचली नव्हती.

दुसरी गोष्ट राजिवड्याच्या भाभीची. तिच्या कविता शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत असायच्या, नीटनेटक्या आणि कुणाच्याही वाटाव्यात अशा. परिचारिकेने तिला गटावरच विचारलं, "तुम्ही घरी असं बोलता का?" कुणी तरी 'प्रोत्साहन द्यावे' असं लगेच टाकलं. भाभी दोन दिवस गप्प. मग तिने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, घरात बोलतात त्या बोलीत, परदेशातून येणाऱ्या फोनची वाट पाहण्यावर. त्याखाली बराच वेळ एकही फूल पडलं नाही. मग बोटीवरच्याने एका शब्दाचा अर्थ विचारला. कंडक्टरकाका म्हणाले, आमच्याकडे याला वेगळं म्हणतात. लांज्याच्या सरांनी तिसराच शब्द सांगितला. रात्री उशिरापर्यंत तेच चाललं होतं. भाभीने सगळ्यांना उत्तरं दिली आणि दुसऱ्या दिवशी दोन ओळी बदलून कविता पुन्हा पाठवली. सन्मानपत्र त्या दिवशी अर्थातच दुसऱ्याच कुणाला मिळालं.

एवढ्या वर्षांत आमच्यातून मोठा कवी कुणी निघाला नाही, निघेल असंही नाही. माझ्या स्वतःच्या कविताही मला आता फारशा वाचवत नाहीत. पण परिचारिका, बागायतदार, काका ही माणसं कविता कशी वाचावी ते शिकली आहेत आणि मराठीत आज कवींपेक्षा अशा वाचकांचाच तुटवडा जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ही कमतरता कुठलं स्मारक किंवा संमेलन भरून काढू शकणार नाही. ते काम फोन हातात असलेल्यांनीच करायचं आहे.

तुमच्याही कुठल्या तरी गटात आज रात्री एखादी कविता येईल. फूल द्यायचं तर जरूर द्या. पण त्याखाली एक ओळ लिहा. कुठला शब्द आवडला, कुठे अडलात, आणि शेवटचं कडवं नको असेल तर तेही. गटावरच लिहा, पर्सनलवर नको.