किल्ली खरी, तरी दार बंद

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी एसएसएच नावाची सोय आहे. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ती १९९५ साली लिहिली. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले होते, हे त्याचे निमित्त. तीत पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी चालते: खाजगी किल्ली आपल्यापाशी, सार्वजनिक किल्ली तिकडच्या यादीत.

आमच्या एका दिवंगत सहकारी बाईंनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या अशाच एका भाड्याच्या सर्व्हरवर होत्या. दुसरी प्रत नाही, सर्व्हर बंद व्हायला चार दिवस, आणि उत्तर एकच, 'परमिशन डिनाइड'!

भाच्याने आज्ञेला 'व्ही' जोडून पाहिले. किल्ली बरोबर पुढे जात होती. "मावशी, नकाराचं कारण तिकडच्या लॉगमध्येच मिळेल," तो म्हणाला. कंपनीच्या वेब कन्सोलवरून तो आत गेला. फायली चढवायला सोपे जावे म्हणून मागे कुणीतरी होम फोल्डर ७७७ करून ठेवले होते, म्हणजे कुणीही यावे, लिहावे! अशा घरातली यादी एसएसएच मानत नाही. तीत कुणी आपली किल्ली घुसडली नसेल कशावरून? होमला ७५५, एसएसएचच्या फोल्डरला ७००, यादीला ६०० केले आणि दार उघडले.

कारण न सांगण्याचा तिरसटपणा मला तरी पटला. बाहेर उभा असलेला चोरही असू शकतो ना! (वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलांना मात्र मी कारण सांगत असे.)

असो. ओव्या उतरवून घेतल्या. पहिली प्रत बाईंच्या लेकीला पाठवली.