भाऊबीजेचा घोडा

शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक असले, की ती वस्तूच आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटू लागते. मी मराठीचा प्राध्यापक. त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ मी वर्गात कितीदा तरी शिकवला आहे. सुतार कुणब्याला नांगर करून देई आणि सुगीला खळ्यावरून आपले बलुते नेई, हे मी मोठ्या रंगात येऊन सांगतो. वाकस, पटाशी, सामता हे शब्द लोपत चालले म्हणून हळहळतो. आणि घरी खुर्चीचा पाय डुगडुगू लागला, की त्याखाली वर्तमानपत्राची घडी सारतो!

अशा या गृहस्थाने गेल्या दसऱ्याला भाचीसाठी लाकडी घोडा करण्याचे कबूल केले.

चिमी चार वर्षांची. एका लग्नाच्या वरातीत घोडेवाल्याने तिला क्षणभर घोड्यावर बसवले आणि उतरवले, तेव्हापासून तिने घोड्याचा ध्यास घेतला. आमच्या नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, घोड्यांची वाण कधी नव्हती. निजामशाहीत मलिक अंबराच्या स्वारांनी हा मुलूख तुडवला. भीमेकाठची भीमथडी तट्टे तर मराठ्यांच्या इतिहासात गाजली. आता इथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पण बाजारात शोधला तेव्हा मिळाला तो प्लॅस्टिकचा घोडा. चिमीने त्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “मामा, हा खोटा आहे.” मी म्हणालो, “भाऊबीजेला तुला खरा करून देतो.”

आम्ही जातीचे सुतार. आजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात बलुतेदार होते. आबा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक झाले. आजोबांच्या हत्यारांची पेटी आमच्या माळ्यावर असते. दसऱ्याला आबा ती खाली काढतात, हत्यारांना हळदकुंकू लावतात, झेंडूचे फूल वाहतात आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवतात. लहानपणी मी एकदा पटाशीला हात घातला, तर त्यांनी ती काढून घेतली. “तू पुस्तक घे,” एवढेच म्हणाले.

यंदा पूजा झाल्यावर मी पेटी मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दसऱ्यापासून भाऊबीज तीन आठवड्यांवर. जुन्या सागवानी दाराच्या फळ्या होत्या, त्यांतून घोड्याचे धड आणि मान कशीबशी निघाली. त्या मानेला पाहून सौ. म्हणाली, “शेळीसुद्धा छान दिसते हो!” मी कानस चालवून शेळीचा घोडा केला. मग ज्यांवर घोडा डोलायचा, त्या खालच्या दोन बाकदार पट्ट्या. दोन फुटांच्या दोरीला पेन्सिल बांधून सरळ फळीवर कमान आखली आणि करवतीने कापली. चिमीच्या जागी पंधरा किलो ज्वारीचे पोते बसवले आणि घोड्याला झोका दिला. पोते मागे कलले ते परत आलेच नाही. घोडा उताणा, पोते भुईवर, आणि एका पट्टीचे टोक कडाडून तुटलेले.

आबा दारात उभे होते. ते खाली बसले. तुटलेला तुकडा उचलून त्यांनी त्याच्या रेषांवरून अंगठा फिरवला.

“सरळ फळीतून बाक कापलास. टोकाला रेघ आडवी आली. तिथे लाकडात जीवच उरत नाही. आणि दोरी किती घेतलीस? दोन फूट? बसलेल्या पोरीचा भार कमानीच्या मध्यबिंदूच्या वर गेला, तर ती उलटणारच. चार फुटांची घे.”

शाळेत गणित शिकवणारे आबा मला ठाऊक होते. लाकडाची रेघ ओळखणारे आबा मी पंचेचाळीस वर्षांत प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच एस. टी.ने गावी गेले. संध्याकाळी परतले ते खांद्यावर बाभळीचे एक वाकडे लाकूड घेऊन. नांगराला मुळातच बाकदार वाढलेले लाकूड लागते; तशी लाकडे हेरून आजोबा गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवीत. त्यातले हे शेवटचे. पन्नास वर्षे वाळून ते हाडासारखे झाले होते. वखारीतून त्याचे उभे दोन भाग करून आणले. दोन्ही पट्ट्या जुळ्या निघाल्या. चार फुटांच्या दोरीने आबांनी खडूची कमान आखली आणि वाकस हातात घेतला. हात आधी थरथरला. मग ढलपे पडू लागले, एकसारखे, कागदाइतके पातळ.

तासता तासता ते बोलले. १९७२चा दुष्काळ. “पीक नाही तर खळे कुठले, आणि खळे नाही तर बलुते कुठले? तुझे आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. हा वाकस चालवणारा हात! दिवसभर दगड फोडून यायचे नि रात्री बोटे मिटायची नाहीत. मी ठरवले, माझ्या पोराच्या हातात हे द्यायचे नाही.”

मी काही बोललो नाही. ‘गावगाडा’ शिकवताना मला बोलायला तास पुरत नाही.

भाऊबीजेला रंग अजून किंचित ओला होता. चिमीने घोड्याच्या मानेला मिठी मारली. फ्रॉकला तांबडा डाग पडला, बहीण रागावली. घोडा मागे कलला, चिमी किंचाळली, आणि घोडा शहाण्यासारखा पुढे आला. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून नजर न हलवता त्या पट्ट्यांकडे पाहत होते.

रात्री हत्यारे पुसून, तेलाचा हात फिरवून मी पेटीत भरली आणि माळ्यावर ठेवायला शिडी लावली.

“राहू दे खालीच,” आबा म्हणाले. “वाकसाचा दांडा ढिला झालाय. उद्या बघू. आणि ती तुझी खुर्चीही आण.”