वर्षश्राद्ध कधी करताय?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. आणि बाहेरच्या मित्रांसाठी आधीच सांगून ठेवतो, हे पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. भास्करराव पेरे पाटलांचं आदर्श गाव ते औरंगाबादजवळचं. दरवेळी कुणीतरी आमचं फुकट अभिनंदन करतं म्हणून सांगावं लागतं.

आमच्या अण्णांना जाऊन या पावसाळ्यात वर्ष झालं. दोन महिने आधीपासून शेजारच्या मावशी विचारत होत्या, "सरांचं वर्षसराध कधी हाय? आधी सांग बरं का, पोळ्या लाटू लागते." मी दरवेळी "बघू मावशी" म्हणायचो. त्यांना वाटलं पैशाची अडचण असेल. अडचण वेगळी होती. मी प्रॉटेस्टंट, बायको कॅथलिक. आणि गेलेल्या माणसासाठी देवाकडं काही मागायचं की नाही, यावर आमच्या घरात चारशे-पाचशे वर्षांचं जुनं भांडण नव्यानं सुरू झालं होतं.

आपल्याकडं 'ख्रिश्चन' हा एकच शब्द चालतो. शिया-सुन्नी वेगळे हे लोकांना माहीत असतं, शैव-वैष्णवही माहीत असतं, पण आमचं सगळं एकाच पोत्यात. कुठंतरी मोठ्या मंडपात आजार बरे करायच्या सभेचा व्हिडिओ फिरला की चार जण मला पाठवतात, "सर, हे तुमचंच ना?" ते माझंही नाही अन् बायकोचंही नाही. प्रॉटेस्टंटांत शेकड्यानं पंथ आहेत, मी फक्त माझ्या घरचं सांगतो.

माझ्या घरचं म्हणजे नगरचं. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं. ते अमेरिकेतल्या प्युरिटन वळणाचे लोक. मूर्ती नको, चित्र नको, धूप नको, मेणबत्त्यांची आरास नको. देवाचं वचन वाचायचं, समजून सांगायचं, गाणं म्हणायचं, प्रार्थना करायची, घरी जायचं. लहानपणी मी ज्या चर्चमध्ये जायचो तिथं डोळ्यात भरायचं ते उपदेशाचं व्यासपीठ, त्यावर उघडं ठेवलेलं जाडजूड पवित्र शास्त्र. आम्ही 'चर्चला जातो' असं क्वचितच म्हणायचो. 'भक्तीला जातो' किंवा 'उपासनेला जातो' म्हणायचो. आणि तिथं जमलेली माणसं म्हणजे 'मंडळी'. (तुमच्याकडं मंडळी म्हणजे बायको, त्यावरून अण्णांच्या शाळेत काय काय गमती झाल्या ते नंतर कधीतरी.) उपदेश चाळीस मिनिटांपेक्षा कमी झाला तर घरी येताना म्हातारी माणसं नाराज असायची, आज पाळकसाहेबांची तयारी नव्हती म्हणून.

बायकोचं माहेर श्रीरामपूर तालुक्यात, हरेगावच्या बाजूला. मतमाउलीची यात्रा ऐकली असेल. सप्टेंबरात, मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरते, आणि नुसते ख्रिस्तीच येतात असं मुळीच नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्यासोबत मिस्साला गेलो तेव्हा उपदेश दहा मिनिटांत आटोपला. मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "संपलं?" तो म्हणाला, "आता तर खरं सुरू होईल."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण फरक तिथंच आहे. मिस्सामध्ये शास्त्रवाचन असतं, उपदेश असतो, गाणी असतात, पण सगळं चाललेलं असतं वेदीकडं. फादर भाकर आणि द्राक्षारस घेऊन प्रभूच्या शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, आणि कॅथलिक श्रद्धा अशी की त्या क्षणी ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. आठवण म्हणून नव्हे, खरोखर. क्रुसावरचं तेच बलिदान वेदीवर हजर होतं, नवं होत नाही. म्हणून उरलेला प्रसाद पेटीत जपून ठेवतात, जवळ दिवा तेवत असतो, येणारा-जाणारा गुडघा टेकतो. आमच्याकडं प्रभुभोजन महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. तेही मोठ्या गांभीर्यानं होतं, पण ते स्मरण आहे. भाकर भाकरच राहते.

तुम्हाला जवळचं उदाहरण द्यायचं तर आपल्याकडच्या सप्त्याचं देता येईल, तंतोतंत जुळत नाही तरी. गहिनीनाथगडावर किंवा गावच्या सप्त्यात एखादा माणूस कीर्तन ऐकायला येतो, महाराज आज कोणता अभंग घेतात, काय सोडवून सांगतात यासाठी. दुसरा येतो काल्याला. कीर्तन थोडं चुकलं तरी चालेल, काला चुकायला नको. दोघेही एकाच मंडपात बसलेले असतात. आम्ही पहिल्या माणसासारखे, बायको दुसऱ्यासारखी.

भाषेचं बघा. सेरामपूरला विल्यम केरीनं मराठी नवा करार १८११ मध्येच छापला. त्यानंतर आमच्याकडं सगळा भर हा, की माणसाला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून एवढी भक्तिगीतं लिहिली की आमच्या 'उपासना संगीत'मधून ती काढली तर पुस्तक पातळ होईल. पण एक गोष्ट आमचे लोक विसरतात. मराठीत ख्रिस्ताची गोष्ट पहिल्यांदा ओवीबद्ध केली ती एका कॅथलिक फादरनं. थॉमस स्टीफन्स, जेझुइट, गोव्यात, क्रिस्तपुराण, १६१६. म्हणजे तुकोबा आठ-नऊ वर्षांचे असतील तेव्हा. आणि एवढं मराठी पुराण हाताशी असताना मिस्सा मात्र लॅटिनमध्येच चालू राहिला, पुढची साडेतीनशे वर्षं! दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, १९६३ मध्ये लोकभाषेला मोकळीक मिळाली, मग कुठं वेदीवर मराठी आली.

मला हे फार विचित्र वाटायचं. माझ्या सासूबाईंना लहानपणची लॅटिन उत्तरं अजून पाठ आहेत. अर्थ विचारला की हसतात. एकदा मी जरा खवचटपणानंच विचारलं, "आई, काही कळत नव्हतं तर जायचा कशाला?" त्या म्हणाल्या, "फादर वेदीवर काय करतेत ते कळत होतं की." त्यापुढं मला बोलता आलं नाही. शब्द कळावेत म्हणून जाणारा मी, आणि काहीतरी घडतं तिथं हजर राहायला जाणाऱ्या त्या.

हा फरक सगळ्यात उघडा पडला तो लॉकडाऊनमध्ये. २०२० चा ईस्टर, १२ एप्रिल, सगळे घरात. आमच्या पाळकांनी फोनवरून उपदेश पाठवला. अण्णांनी आरामखुर्चीत बसून ऐकला, वहीत टिपणं काढली, शेवटी आमेन म्हणाले. त्यांची उपासना पूर्ण झाली. बायकोनंही मोबाइलवर मिस्सा लावला. प्रसाद द्यायची वेळ आली तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. मागं गेलो तर रडत होती. मी म्हणालो, अगं सगळं दिसलं ना, ऐकू आलं ना? ती म्हणाली, "जेवणाचा फोटो बघून पोट भरतं का?"

उलट बाजूही आहे. आमच्यातलं एक घर दरवर्षी ऊसतोडीला जातं. कोपीसमोर रात्री चार माणसं बसतात, वाचता येणारं एक पोरगं असलं की उपासना झाली. पाळक लागत नाही, वेदी लागत नाही. माझ्या हॉलमध्ये रविवारी सात-आठ जण बसतो तेही तसंच. मागं एकानं विचारलं होतं, घरात सभा भरवता, परवानगी काढली का? त्यांना मी हेच सांगितलं की बाबा, ही सभा नाही, ही आमची उपासना आहे, चहासकट. तुमच्या घरी हरिपाठ होतो त्याला परवानगी काढता का? बायकोला मात्र या हॉलमधल्या बैठकीनं मिस्साची भूक भागत नाही. तिला त्यासाठी जामखेडमार्गे नगरकडं जावं लागतं, अख्खा दिवस जातो, आणि ती जाते.

आता अण्णांकडं येतो. अण्णा म्हणजे कट्टर. फादर फ्रान्सिस दिब्रिटो शेजारच्या उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, जानेवारी २०२० मध्ये, तेव्हा अण्णांना केवढा आनंद झाला होता. त्यांचं 'सुबोध बायबल' मागवलं. मग आमचं जुनं शास्त्र शेजारी ठेवून महिनाभर ओळ न ओळ ताडून बघत बसले. मी विचारलं, काही चुका सापडल्या का? "मराठी चांगलं आहे," एवढंच म्हणाले, आणि पुस्तक सुनेच्या कपाटात ठेवून दिलं.

ते गेल्यावर बायकोनं ठरवलं होतं की वर्षाला त्यांच्या नावानं मिस्सा अर्पण करायचा. कॅथलिकांत हे नेहमीचं आहे. माणूस देवाच्या कृपेत गेला तरी त्याची शुद्धी बाकी असू शकते, आपल्या प्रार्थनेचा त्याला आधार होतो, आणि मिस्सा ही सगळ्यात मोठी प्रार्थना. २ नोव्हेंबरला तर सगळ्या मृतांसाठीच मिस्सा असतो, कबरींवर मेणबत्त्या लागतात. त्यांच्या बायबलात मक्काबीचं पुस्तक आहे, त्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे. आमच्या बायबलात ते पुस्तकच नाही. आमच्याकडं अंत्यविधीची उपासना असते ती मागं राहिलेल्यांसाठी. त्यांना धीर द्यायचा, पुनरुत्थानाची आशा सांगायची. गेलेल्याचं देवानं बघून घेतलंय. ख्रिस्त एकदाच अर्पण झाला आणि पुरला, असं इब्री लोकांस पत्रात आहे, त्यावर आमचा सगळा डोलारा उभा.

नगरहून थोरल्या भावाचा फोन आला. "अण्णा प्रभूजवळ आहेत. त्यांना तिकीट काढून द्यायची गरज नाही, सांग तिला." फोन स्पीकरवर होता. बायको म्हणाली, "भाऊजी, मी तिकीट काढत नाही. मी त्यांना भेटायला जाते." दादा गप्प झाले. मग म्हणाले, "अण्णांना चाललं असतं का, एवढंच विचार स्वतःला." तो प्रश्न खरा होता. अण्णांना चाललं नसतं. माझी झोप गेली ती त्यावरच. माणूस हयातीत ज्याला नाही म्हणाला, ते त्याच्या पश्चात त्याच्या नावानं करायचं का?

शेवटी आईनं सोडवलं. ऐंशीच्या घरातली बाई. म्हणाली, "शनिवारी घरी उपासना करा, दादा उपदेश करंल. रविवारी मी सुनंसोबत जाते." कुणाचं बरोबर यावर ती काहीच बोलली नाही.

शनिवारी हॉल भरला. मावशींनी पोळ्या लाटल्याच. दादा पन्नास मिनिटं बोलले, अण्णांच्या शाळेचं, त्यांच्या वाचनाचं, मरणाला कसं भ्यायचं नाही त्याचं. चांगलं बोलले. मावशींनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "पण सरांसाठी काय मागितलंच न्हाई की?" मी म्हणालो, मावशी, आमच्यात मागत नाहीत. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

रविवारी मिस्साला आम्ही चौघं. फादरनी मध्येच अण्णांचं नाव घेतलं, एकदाच, दोन सेकंद. पन्नास मिनिटांच्या उपदेशात न रडलेली आई त्या दोन सेकंदांत रडली. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही, आणि मी तिला विचारलेलं नाही.

मग प्रसादाची रांग लागली. नियमानं तो कॅथलिकांसाठी, आम्ही घेत नाही, आणि आमची श्रद्धा तशी नसताना रांगेत उभं राहणं मलाही खोटं वाटलं असतं. बायको उठली. माझी अकरा वर्षांची पोरगी उठली. लग्नाच्या वेळी बायकोनं लेकरं कॅथलिक वळणात वाढवायचा प्रयत्न करीन असं वचन दिलं होतं, मला ते माहीत होतं, मी मान्य केलं होतं. दोघी माझ्या गुडघ्यांना घासून पुढं गेल्या. बाकावर मी आणि आई. पोरगी हात जोडून परत आली, डोळे मिटून बसली, आणि थोड्या वेळानं कानात म्हणाली, "पप्पा, आजीला अन् तुम्हाला कुणीच बोलावत नाही का?"

मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. गाडीत आई म्हणाली, पुढच्या वर्षीपण दोन्ही करा, पण दादाला म्हणावं जरा थोडक्यात बोल.