अर्धपाव फेरा

खेळणे म्हणावे तर त्याच्या पोटात खरेखुरे इंजिन आहे, आणि यंत्र म्हणावे तर ते मांडीवर घेऊन बसता येते. नायट्रो इंधनावर धावणारा आणि हातातल्या रिमोटने फिरवायचा असा एक ट्रक आमच्या धर्मग्रामातील एका घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे गुंडाळून पडला होता. आखातात नोकरीला असलेल्या मामाने तो भाच्यासाठी सामानातून आणला. इंधन मात्र आणता आले नाही, कारण असले ज्वालाग्राही द्रव विमानात नेऊ देत नाहीत. पुढे भाचा सेमिनरीत गेला आणि ट्रक माळ्यावर गेला. भाचा सेमिनरीतून परत आला, तेव्हा ट्रकही खाली उतरला.

मुलगा तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्वतःहून घरी आला. त्याला कोणी काढले नव्हते. आपल्या लोकांत सेमिनरीतून परतलेल्या मुलाचे काय होते, हे वाचकांना मी सांगायला नको. जाताना धर्मग्रामाने हार घातलेला असतो. येताना तो रात्रीच्या शेवटच्या एसटीने येतो. त्याच्या वडिलांचे दुचाकीचे गॅरेज चर्चच्या मैदानासमोरच आहे. तीस वर्षे इंजिनांच्या आवाजात राहून त्यांचे कान गेले आहेत. तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलावे, तेव्हा थोडेफार ऐकू येते. मुलाशी बोलणे त्यांनी टाकले, ते मात्र कानांमुळे नव्हे. आई माझ्याकडे येऊन म्हणाली, “फादर, दोघं एका घरात राहतात, पण बोलणं माझ्यामार्फत होतं. ‘त्याला जेवायला बोलाव’, एवढंसुद्धा.” मुलाने घर का गाठले, हे त्याने मला सांगितले आहे, ते माझ्यापाशीच राहू द्यावे.

त्याने दुपारचे मैदान मागितले, कारण गल्लीत हा आवाज कोणी चालवून घेतला नसता. धर्मशिक्षणाचे वर्ग भरण्यापूर्वी आटोपायचे, या अटीवर मी होकार दिला. आणि मग माझ्या खिडकीखाली मी जन्मात ऐकला नव्हता असा कर्कश आवाज सुरू झाला. हे इंजिन जेमतेम साडेतीन घनसेंटिमीटरचे, पण मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेते. आपल्या स्कूटरचे इंजिन पूर्ण ताकदीने धावतानाही त्याच्या चौथाईच्या आसपासच फिरत असेल.

त्याचे इंधनही निराळे. मोठा भाग मिथेनॉलचा, त्यात वीसेक टक्के नायट्रोमिथेन आणि दहाएक टक्के तेल. नायट्रोमिथेन आपला प्राणवायू स्वतःबरोबर घेऊन येते. एक भाग पेट्रोल जाळायला पावणेपंधरा भाग हवा लागते. नायट्रोमिथेनला पावणेदोन भागही पुरत्या होतात. म्हणून एवढ्याशा नळकांड्यात एवढे इंधन घालता येते आणि एवढीशी वस्तू एवढी ओरडते. मिथेनॉल पेटले तर भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही आणि पोटात गेले तर ते दृष्टी घेते. सबब हे मुलांच्या हाती सोपवण्यासारखे खेळणे नव्हे. तेलाच्या भागात एरंडेल असते. मैदानावरून पहिला धूर खिडकीत आला, तेव्हा मला सुट्टीतल्या त्या सकाळी आठवल्या, जेव्हा आजी आम्हा भावंडांना रांगेत उभे करून चमचा तोंडात घालीत असे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही हेच तेल असे, आणि वैमानिकांच्या पोटांवर त्याचा जो व्हायचा तो परिणाम होत असे, असे म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही. जे काही वंगण मिळायचे, ते इंधनात मिसळलेलेच मिळते. कार्बोरेटरवर इंधनाच्या दोन सुया असतात, एक वरच्या वेगाची आणि एक खालच्या वेगाची. शिवाय इंजिन नुसते उभे असताना त्याने किती फिरावे, हे ठरवणारा एक स्क्रू. सुई उजवीकडे फिरवली की इंधन कमी होते. मेकॅनिक मंडळी त्याला ‘लीन’ म्हणतात. डावीकडे फिरवली की इंधन वाढते, ते ‘रिच’. रिच इंजिन धूर ओकते, जड चालते, सुस्त वाटते. सुई जसजशी उजवीकडे न्यावी, तसतसा आवाज स्वच्छ होत जातो, वेग वाढतो, धूर विरतो. आणि ज्या क्षणी आवाज सर्वांत सुंदर लागतो, त्याच क्षणी त्या इंजिनाचे तेल तुटलेले असते. ते आपल्याच अंगावर धावत असते. आणखी थोड्या वेळाने ते गचके देते, बंद पडते. फार ताणले तर पिस्टन आणि त्याचे नळकांडे कायमचे ओरबाडून निघतात.

मुलाचे हेच चालले होते. चार दिवस ट्रक मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाणासारखा सुटे, भिंतीवरची मुले टाळ्या वाजवीत, आणि परतताना मध्येच तो मान टाकी. पाचव्या दिवशी गॅरेजातून वडील रस्ता ओलांडून आले. त्यांना तो आवाज ऐकू येत नव्हताच, त्यामुळे तो किती सुंदर आहे याची भूलही पडली नसावी. ते लांबूनच म्हणाले, “धूर कुठं आहे?”

कित्येक महिन्यांत ते मुलाशी थेट बोललेले हे पहिले वाक्य.

मग त्यांनी बोटाने थुंकी घेऊन इंजिनाच्या डोक्यावर टेकवली. ती चर्रकन उडाली. नीट जमलेल्या इंजिनावर पाण्याचा थेंब तीन-चार सेकंद तरी उकळत राहावा लागतो. त्यांनी प्लग काढायला लावला. या प्लगला ठिणगी नसते. त्यात प्लॅटिनमची बारीक तार असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या बॅटरीने ती लाल करायची, पुढे मिथेनॉलच्या संगतीने ती आपोआप तापलेली राहते. तार वाकडी झालेली होती. वडिलांनी ती उन्हात धरून पाहिली आणि मुलाच्या हातावर ठेवली. काही बोलले नाहीत.

माझ्या बरोबर दीक्षा झालेल्या एका धर्मगुरूची मला त्या दुपारी आठवण झाली. रविवारी तीन मिस्सा, आठवडाभर शाळा, रात्री शेजारच्या धर्मग्रामांत नोव्हेनाची प्रवचने. लोक म्हणत, काय वाणी आहे! खरोखरच होती. धूर म्हणून कुठे नाही. चाळिशीच्या आत एके सकाळी तो वेदीपाशी उभा राहिला, मिस्साग्रंथ समोर उघडा होता, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. आज तो बरा आहे, डोंगराकडच्या एका लहान केंद्रात आहे आणि हळू बोलतो. पाचारणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ज्याला पाचारण झाले त्याला वंगण कुठून मिळते, याविषयी फार थोडे. प्रार्थना म्हणजे वंगण, हे उत्तर मी सेमिनरीत पाठ केले आहे आणि ते खरे आहे. पण त्याच्याबरोबर झोप, मित्र, एखादी निरुपयोगी दुपार हेही त्याच इंधनातून यावे लागते. त्यांची निराळी टाकी माणसालाही दिलेली नाही. परत आलेल्या मुलाला ‘झेपले नाही’ म्हणणाऱ्यांनी सुई कोणाच्या हातात होती, हेही विचारावे, असे माझे मत आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. या इंजिनाचे नळकांडे थंड असताना वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. तापले म्हणजे ते पसरते आणि पिस्टनला नेमकी जागा होते. म्हणून फार रिच ठेवून सदोदित थंड चालवले, तरी ते झिजतेच. साधारण शंभर ते एकशेवीस अंश सेल्सिअस ही त्याची सुखाची जागा.

वडिलांनी सारे पहिल्यापासून करायला लावले. नवा प्लग, सुया मोकळ्या, दोन-तीन टाक्या नुसत्या धुरात, मध्ये मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचे. मग वरच्या वेगाची सुई. इथे दोघांचे एकमेकांवाचून चालेना. आवाज चढला की नाही, हे मुलगा ऐके आणि बोट वर करून दाखवी. बापाची नजर धुराच्या रेषेवर. एका वेळी सुईचा अर्धपाव फेरा, त्याहून अधिक नाही. आवाज शिगेला पोचला, मुलाचे बोट वर गेले, भिंतीवरची पोरे ओरडली, आणि म्हातारा म्हणाला, “मागे घे.” मुलगा जरा थांबला. “मागे घे, बाळा. अर्धपाव.” मुलाने सुई डावीकडे फिरवली. आवाज किंचित जाड झाला आणि ट्रकच्या मागे निळसर धुराची रेघ उमटली.

नंतर खालच्या वेगाची सुई. इंजिन उभे ठेवून इंधनाची नळी चिमटीत दाबायची. तीन-चार सेकंदांत वेग थोडा वाढून ते बंद पडले, तर जमले. लगेच पडले तर लीन, रेंगाळत राहिले तर रिच. ही चिमटी वडिलांची, सेकंद मोजणे मुलाचे. मी खिडकीत बसून पुढच्या रविवारचे प्रवचन लिहीत होतो, ते काही त्या दिवशी पुरे झाले नाही.

हे जमवलेलेही टिकत नाही, ही यातली गंमत. हवा थंड आणि कोरडी असली की इंजिनाला इंधन जास्त लागते. उकाडा आणि दमटपणा वाढला की कमी. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या सकाळी बसवलेली सुई मे महिन्याच्या दुपारी चालत नाही. म्हणून दोघांना पुन्हा पुन्हा मैदानात यावे लागले. संपले की पिस्टन खाली आणून ठेवायचा, प्लगच्या भोकातून तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि फडक्यात गुंडाळायचे, हे काम वडील दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत.

या छंदातही आता विजेच्या मोटारी आणि लिथियमच्या बॅटऱ्या पुढे गेल्या आहेत. गॅरेजात तर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. इंधन किती द्यायचे ते आता संगणक ठरवतो. वडिलांच्या हातातल्या त्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरला गिऱ्हाईक उरले ते जुन्या गाड्यांचे. त्या मात्र अजून येतात. परवा कोणाची तरी वीस वर्षांची स्कूटर उभी होती. वडील कार्बोरेटरपाशी उकिडवे बसले होते, आणि मुलगा सायलेन्सरजवळ कान देऊन बोट वर करण्याची वाट पाहत होता.