वाघाचा रंग उडाला तेव्हा

लहानपणी माझ्या कंपासबॉक्समध्ये एक गेंडा राहायचा. पंचवीस पैशांच्या स्टीलच्या नाण्यावरचा हो! ३० जून २०११ पासून ते चार आणे चलनातून बाद झाले, पण प्राण्यांच्या नाण्यांचं माझं वेड काही बाद झालं नाही. उलट नोकरी लागल्यावर ते महागडं झालं.

पर्थहून सुट्टीवर आलेल्या मावसभावाकडून मी पहिलं रंगीत नाणं विकत घेतलं. पर्थ मिंटचं, २०१० सालच्या व्याघ्रवर्षाचं. एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम चांदी. एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला चक्क केशरी वाघ! मग कोआला आला, कुकाबरा आला. प्रत्येक बोनसमागे एक प्राणी.

आईचा ठरलेला डायलॉग, "त्यापेक्षा लक्ष्मीचं नाणं घेतलं असतंस, पूजेला तरी झालं असतं."

आणि एका धनत्रयोदशीला मी ऑफिसमधून घरी येते तर काय, माझा वाघ देवघरात! कॅप्सूलमधून बाहेर काढलेला, टूथपावडरने लख्ख घासलेला. पाठीवरचा केशरी रंग गायब, पट्टे अर्धे पुसलेले.

"अगं, काळपट दिसत होतं. आणि वाघ देवीचं वाहन ना, म्हणून ठेवलं," आई म्हणाली.

मी नको ते बोलले. ऐन दिवाळीत. आई गप्प झाली आणि न जेवताच झोपली.

रात्री ते नाणं हातात घेऊन बसले. खरं तर चूक माझीच होती. मी या नाण्यांच्या किमती आईपासून लपवायचे, मग त्यांची काळजी कशी घ्यायची हे तिला कुठून कळणार? चांदीवर आधी ठसा उमटतो. मग मऊ सिलिकॉनच्या पॅडने त्यावर एकेक रंग चढवतात. म्हणजे रंग फक्त वरवरचा. म्हणूनच ही नाणी घासायची नाहीत, बोटांनी कडेलाच धरायची, कॅप्सूलमध्येच ठेवायची. रंग गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत गेली. उरतो तो चांदीचा भाव.

पण रंगाखालचा वाघ शाबूत होता. त्याचं नीट कोरलेलं अंग मी पहिल्यांदाच बघत होते. इतके दिवस माझं लक्ष फक्त केशरी रंगावर!

सकाळी आईसमोर सगळी नाणी मांडली. किमतीसुद्धा सांगितल्या. ती आधी हादरली, मग म्हणाली, "हा कुकाबरा म्हणजे आपला खंड्याच की गं!"

खरंच की! तो खंड्याच्याच कुळातला.

तो वाघ आता देवघरातच असतो. विकला तर फक्त वजनाचे पैसे येतील, ठाऊक आहे. दर धनत्रयोदशीला आई हाक मारते, "याला घासू ना गं?"

घास म्हणते. बाकीची कॅप्सूल्स मात्र माझ्या कपाटात. कुलपात!